जुन्या बिनतारी संचांची ओळख आणि पुनरुज्जीवन

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून अनेकांनी मला एकच प्रश्न केला : परिचारिकेचा आणि जुन्या रेडिओचा संबंध काय? उत्तर सोपे आहे. मुंबईत परिचर्येची पदविका घेऊन मी या देशात आले आणि नोकरीची बहुतेक वर्षे तातडीच्या विभागात काढली. तेथे औषधांच्या कपाटाशेजारी एक लोखंडी पेटी असे. रुग्ण आमच्या दारात पोहोचण्याआधी त्याची हकीकत त्या पेटीतून पोहोचत असे. स्टेथोस्कोप आणि सिरिंज यांप्रमाणेच बिनतारी संच हेही आमच्या व्यवसायाचे एक साधन होते. निवृत्तीनंतर मी अशा संचांचा अभ्यास सुरू केला, तो या जुन्या ओळखीमुळे.

आता ही साधने तळघरांतून, गॅरेजमधून आणि जुन्या सामानाच्या विक्रीतून बाहेर येत आहेत. आपल्यापैकी काहींच्या घरीही ती आहेत. घरातील वडीलधारे गेल्यावर मुले विचारतात : ही पेटी कसली? हिची वायर भिंतीत लावून पाहू का? की फेकून द्यावी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज क्रमाने देण्याचा माझा प्रयत्न आहे. त्यांतील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे चुकीचे उत्तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, आणि तो जीव कधी आपला, तर कधी परक्याचा असतो.

थोडा पूर्वेतिहास

ज्यावर ऐकताही येते आणि बोलताही येते तो दुतर्फी संच. आज ही गोष्ट सामान्य वाटते. परंतु १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवले तेव्हा त्या गाड्यांना केवळ ऐकता येत होते. हुकूम मिळाला की उत्तर देण्यासाठी शिपायाला टेलिफोन शोधावा लागे. गाडीतून उलट बोलण्याची सोय १९३३ साली न्यू जर्सीतील बेयोन शहराच्या पोलिसांनी केली. पुढे एडविन आर्मस्ट्राँग यांनी एफएम पद्धत शोधली आणि इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर पुष्कळ कमी झाली. डॅनियल नोबल यांच्या मार्गदर्शनाखाली १९४० च्या सुमारास कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांना एफएमवर चालणारी दुतर्फी यंत्रणा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गॅल्विन कंपनीने दोन प्रसिद्ध संच तयार केले. एक हातात धरण्याचा 'हँडी-टॉकी', वजन सुमारे ५ पौंड. दुसरा पाठीवर वाहण्याचा 'वॉकी-टॉकी', वजन सुमारे ३५ पौंड. हीच कंपनी १९४७ पासून मोटोरोला या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच काळातील अल ग्रॉस या संशोधकाचे नाव आपण लक्षात ठेवावे. तरुणपणीच त्यांनी हातात मावणारा संच बनवला होता. युद्धकाळात शत्रूच्या प्रदेशात उतरलेल्या हेरांना आकाशातील विमानाशी गुप्तपणे बोलता यावे म्हणून त्यांनी छोटे संच तयार केले. युद्धानंतर, १९४९ मध्ये, त्यांनी पेजर तयार केला, आणि १९५० साली त्याचा पहिला वापर न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये झाला. डॉक्टरांना हाक मारणारे ते छोटे यंत्र प्रथम आपल्याच समाजाच्या रुग्णालयात वाजले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

रुग्णालयातील पेटी

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायामीचे डॉ. युजीन नेगल यांनी घटनास्थळावरून रुग्णाच्या हृदयाचा आलेख रेडिओने रुग्णालयात पाठवून दाखवला. त्याच सुमारास लॉस एंजेलिस परगण्यात अग्निशामक दलातील जवानांना पॅरामेडिक म्हणून शिकवले जाऊ लागले. सुरुवातीला कायद्याची अडचण होती. डॉक्टर किंवा नर्स सोबत असल्याशिवाय त्यांना शीर टोचता येत नसे, औषध देता येत नसे. १९७० च्या वेडवर्थ-टाउन्सेंड कायद्याने ही अडचण दूर केली : नर्स गाडीत बसण्याऐवजी रेडिओच्या दुसऱ्या टोकाला असली तरी चालेल. या कामासाठी परिचारिकांना वेगळे शिक्षण व प्रमाणपत्र मिळू लागले. बिनतारी संचामुळे आमच्या व्यवसायाचा अधिकार रुग्णालयाच्या भिंतींबाहेर गेला तो असा.

त्या काळाची खूण म्हणजे बायोकॉम कंपनीचा केशरी 'बायोफोन'. त्याला टेलिफोनसारखा रिसीव्हर होता, आणि टेलिफोनप्रमाणेच त्यावर एकाच वेळी बोलता व ऐकता येई. मोटोरोलाने याच कामासाठी 'ॲपकॉर' हा संच काढला. १९७२ पासून दूरदर्शनवर गाजलेल्या 'इमर्जन्सी!' या मालिकेत हा बायोफोन घरोघर दिसला. त्या मालिकेतील काही साहित्य २००० साली स्मिथसोनियन संग्रहालयाने स्वीकारले. हृदयाचा आलेख पाठवण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. हृदयातून येणारा विद्युत्संकेत इतका मंद असतो की तो थेट रेडिओवर जाऊ शकत नाही. म्हणून संचात एक ऐकू येणारा सूर, सुमारे १४०० हर्ट्झचा, निर्माण करतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तो सूर किंचित वरखाली होतो. रुग्णालयातील यंत्र त्या चढउतारातून पुन्हा आलेख काढते. सवयीचा कान तर कागद येण्यापूर्वीच ओळखतो की ताल बिघडला आहे.

अनेक राज्यांत रुग्णवाहिका व रुग्णालये यांच्यासाठी १५५.३४० मेगाहर्ट्झ हा मार्ग ठरला. इलिनॉयमध्ये त्या व्यवस्थेला 'मर्सी' म्हणतात. जुन्या संचावर टेलिफोनसारखी फिरवण्याची चकती दिसली तर गोंधळू नये. विशिष्ट रुग्णालयाचा क्रमांक फिरवला की त्याच रुग्णालयातील पेटी जागी होत असे. पुढे १९७४ मध्ये ४६३ व ४६८ मेगाहर्ट्झच्या परिसरात वैद्यकीय कामासाठी 'मेड' नावाचे मार्ग राखून ठेवले गेले.

येथे शब्बाथविषयी दोन शब्द. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शब्बाथला त्यांचा घाणा थांबत असे. त्याच परंपरेचा दुसरा नियम असा की प्राण वाचवण्यासाठी शब्बाथचे बंधन बाजूला ठेवावे. त्याला आपण पिकुआख नेफेश म्हणतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये सुरू झालेल्या हात्झाला या स्वयंसेवी रुग्णवाहिका संस्थेचे लोक शब्बाथच्या दिवशीही कमरेला रेडिओ लावून सिनेगॉगमध्ये येतात, ते याच आधारावर. एरवी दिवाही न लावणाऱ्या माणसाने ज्या यंत्राचे बटण दाबणे कर्तव्य ठरते, ते यंत्र आदराने हाताळले पाहिजे.

संच ओळखावा कसा

प्रथम वर्गीकरण करावे. डेस्कवर ठेवण्याचा, गाडीत बसवण्याचा आणि हातात धरण्याचा असे तीन मुख्य प्रकार आहेत. जुन्या गाड्यांत खरा संच मागच्या डिकीत असे आणि चालकापुढे केवळ बटणांची छोटी पट्टी व मायक्रोफोन असे. म्हणून केवळ पट्टी मिळाली तर संच मिळाला असे समजू नये. आणि संच मिळाला तर त्याची जाडजूड वायर व पट्टी आसपास शोधावी.

त्यानंतर पाठीमागची पाटी वाचावी. अमेरिकेतील मोठे निर्माते म्हणजे मोटोरोला, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, मिनेसोटातील ई. एफ. जॉन्सन आणि आरंभीच्या काळात न्यूयॉर्कची लिंक कंपनी. मोटोरोलाच्या जुन्या क्रमांकात पुष्कळ माहिती दडलेली असते. पहिले अक्षर प्रकार सांगते : 'यू' म्हणजे गाडीतील, 'एच' म्हणजे हातातील. पुढचा आकडा शक्ती सांगतो; आकडा मोठा, तर शक्ती अधिक. त्यापुढचा आकडा वारंवारतेचा पट्टा सांगतो : १ म्हणजे २५ ते ५४ मेगाहर्ट्झ, ३ म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, ४ म्हणजे ४५० च्या आसपासचा. 'यू ४३' ने सुरू होणारा संच म्हणजे मध्यम शक्तीचा, १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील, गाडीत बसवण्याचा. 'एच २३' म्हणजे त्याच पट्ट्यातील हातातला लहान संच. १९६९ साली आलेला प्रसिद्ध 'एचटी २२०' याच कुळातील. त्याचे वजन अवघे २२ औंस होते.

पाटी नसेल तर आतील भाग साक्ष देतात. कंडेन्सरवर '२३५-७३४५' अशा स्वरूपाचे आकडे असतात. पहिले तीन आकडे निर्मात्याचे. शेवटचे चार आकडे वर्ष व आठवडा सांगतात. येथे १९७३ सालचा ४५ वा आठवडा. त्याहून जुन्या भागांवर वर्षाचा केवळ शेवटचा आकडा असतो, तेव्हा दशक इतर खुणांवरून ठरवावे. संच या तारखेपूर्वीचा असणे सहसा शक्य नाही. मात्र एकच भाग पाहून निर्णय करू नये, कारण तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो. तीनचार भागांच्या तारखा जुळल्या तर खात्री धरावी.

आणखी काही खुणा आहेत. सर्वत्र काचेचे व्हॉल्व्ह असतील तर संच बहुधा १९५० च्या दशकातील किंवा त्यापूर्वीचा. ग्रहणाचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि प्रक्षेपणाचा व्हॉल्व्हचा असेल तर १९५८ नंतरच्या संक्रमणकाळातील. मोटोरोलाचा 'मोट्रॅक' हे त्याचे ठळक उदाहरण. ६ व्होल्टचा संच त्याहून जुन्या मोटारींसाठीचा असतो. तो १२ व्होल्टला जोडल्यास क्षणात जळेल.

सर्वांत उपयुक्त खूण म्हणजे क्रिस्टल. बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या डबीत स्फटिकाची चकती असते आणि तीच संचाचा मार्ग ठरवते. प्रत्येक मार्गासाठी सहसा दोन डब्या असतात, एक बोलण्याची व एक ऐकण्याची. डबीवर लिहिलेला आकडा अंतिम वारंवारता नसतो. संच त्याचा ठरावीक पटीने गुणाकार करतो. बारा पटीच्या संचात १२.२१ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल असेल तर प्रक्षेपण १४६.५२ वर होईल. हा हिशेब केला की तो संच पोलिसांचा होता, टॅक्सीचा की रुग्णालयाचा, हे उलगडते.

सर्वप्रथम बोलण्याचे क्रिस्टल काढावे

आता मी अत्यंत गंभीरपणे सांगते ते ऐकावे. १५५.३४० आणि 'मेड' मार्ग आजही वापरात आहेत. जुन्या संचात तीच क्रिस्टले असतील आणि कोणी कुतूहलाने बटण दाबले, तर त्या क्षणी रुग्णवाहिकेतून येणारा आवाज दबून जाऊ शकतो. पॅरामेडिक औषधाचा हुकूम परत उच्चारून दाखवतो, आणि नर्स तो तपासून होकार देते. त्या उच्चाराच्या मध्यात आपली खरखर घुसली, तर मात्रा चुकू शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वीच बोलण्याची क्रिस्टले काढून, पाकिटात घालून, त्यावर जागा व आकडा लिहून ठेवावीत. ती फेकू नयेत. तो संचाच्या इतिहासाचा पुरावा आहे.

कायदाही हेच सांगतो. परवान्याशिवाय या मार्गांवर बोलणे हा गुन्हा आहे. शिवाय १ जानेवारी २०१३ पासून १५० व ४५० मेगाहर्ट्झच्या परिसरातील सार्वजनिक व व्यावसायिक सेवांना अरुंद मार्ग, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झचे, सक्तीचे झाले. बहुतेक जुने संच तेव्हाच सेवेतून बाद झाले, आणि म्हणूनच ते भंगारात इतके दिसू लागले. ज्यांना या संचांवर खरोखर बोलायचे आहे त्यांनी हौशी रेडिओचा परवाना घ्यावा. पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. परवाना १० वर्षे चालतो. मग १४४ ते १४८ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात जुना संच सन्मानाने बोलू शकतो. केवळ ऐकण्याला सहसा हरकत नसते. मात्र ऐकलेले इतरांना सांगत सुटू नये, आणि गाडीत पोलिसांचे संदेश ऐकणारा संच ठेवण्यावर न्यूयॉर्कसारख्या राज्यांत बंधने आहेत.

वीज देण्यापूर्वीची तपासणी

रुग्ण दाखल होताच आपण औषध देत नाही. आधी पाहतो, लिहितो, मग ठरवतो. येथेही तसेच करावे. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पेटीच्या कप्प्यात जुन्या आलेखांच्या पट्ट्या अथवा रुग्णांची नावे असलेले कागद सापडले तर ते कोणास न दाखवता नष्ट करावेत. रुग्णाची गुप्तता काळाने संपत नाही.

पुढे बॅटरीचा कप्पा पाहावा. अल्कलाइन व निकेल-कॅडमियम सेल फुटले तर पांढरी, अल्कधर्मी भुकटी जमते. ती सौम्य व्हिनेगरने टिपून काढावी. फार जुन्या साध्या सेलची किंवा शिशाच्या बॅटरीची गळती आम्लधर्मी असते. तिला खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरावे. दोन्ही वेळा हातमोजे व चष्मा घालावा, शेवटी स्वच्छ अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावे. कॅडमियम विषारी आहे. असे सेल कचऱ्यात न टाकता घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावेत.

व्हॉल्व्हच्या संचात शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि वायर काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. आच्छादित वायर लावलेल्या रोधकाने तो हळूहळू उतरवावा आणि मल्टिमीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. काम करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे वीज छातीतून आरपार जाण्याचा मार्ग मिळत नाही. हृदय थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हा सल्ला मी सहज देत नाही.

आणखी तीन विषारी पदार्थ लक्षात ठेवावेत. जुन्या सेलेनियमच्या पट्ट्या जळाल्या की कुजलेल्या मुळ्यासारखा वास येतो. तो येताच वीज बंद करून खोली सोडावी. मोठ्या तेलकट कंडेन्सरमध्ये पीसीबी हे रसायन असू शकते, त्याची गळती हाताने पुसू नये. आणि प्रक्षेपणाच्या काही भागांतील पांढरी चिनीमाती बेरिलियमची असते. ती फोडू अथवा घासू नये, तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

उपचाराचा क्रम

प्रथम त्या संचाची दुरुस्ती-पुस्तिका मिळवावी. मोटोरोलाच्या पुस्तिकांचे क्रमांक '६८पी' ने सुरू होतात. पुस्तिकेशिवाय आतील एकही स्क्रू फिरवू नये. आत जे मेणाने किंवा रंगाने बंद केलेले स्क्रू दिसतात ते सैल झालेले नसतात, जुळवणीसाठी लावलेले असतात.

धूळ मऊ ब्रशने काढावी. कंट्रोल व स्विच यांत संपर्क साफ करणारे द्रव अगदी थोडे घालून ते अनेकदा फिरवावेत. निम्मी खरखर येथेच संपते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षे पडून राहिल्याने आतून वाळतात. फुगलेले अथवा गळलेले तत्काळ बदलावेत. एका वेळी एकच भाग काढावा, ध्रुव पाहून नवा बसवावा आणि स्वच्छ, चमकदार डाग द्यावा. जुन्या गाडीसंचात ६ व्होल्टचे शेकडो व्होल्ट करण्यासाठी 'व्हायब्रेटर' नावाची गुणगुणणारी डबी असते; तिचे संपर्क गंजल्यास संच मुका राहतो. कित्येकदा दोष एवढाच असतो.

पहिली वीज हळूहळू द्यावी. घरगुती विजेवरील संचासाठी वायरीत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा जोडावा, एलईडी नव्हे. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजस्वी राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. बॅटरीच्या संचासाठी विद्युत्प्रवाहावर मर्यादा घालता येणारा वीजपुरवठा वापरावा. प्रथम ग्रहण तपासावे. १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील संचासाठी सरकारी हवामान केंद्रांचे संदेश उपयोगी पडतात, ते १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर अहोरात्र चालतात. अर्थात त्यासाठी योग्य क्रिस्टल व जुळवणी हवी.

परवाना मिळाल्यावर, हौशी पट्ट्याचे क्रिस्टल बसवूनच, प्रक्षेपणाची चाचणी करावी, आणि तीही एरियलऐवजी ५० ओहमचा कृत्रिम भार जोडून. काहीच न जोडता बटण दाबल्यास शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो.

काय जपावे

दुरुस्तीच्या उत्साहात इतिहास पुसू नये. पेटीवर कोणी चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेली रुग्णालयांची नावे, झिजलेले बटण, मायक्रोफोनवरचा ओरखडा हे दोष नव्हेत; त्या त्या जागी काम केलेल्या माणसांच्या खुणा आहेत. नवा रंग देऊ नये. काढलेले जुने भाग पिशवीत घालून संचाबरोबर ठेवावेत, आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद आत ठेवावी, जशी रुग्णाच्या पलंगाला नोंदवही असते.

ज्यांना संच ठेवायचा नाही त्यांनी भंगारात देण्यापूर्वी विचारावे. न्यूयॉर्क राज्यातील ब्लूमफील्ड येथे अँटिक वायरलेस म्युझियम आहे; न्यू जर्सीतील वॉल येथे जुन्या लष्करी रेडिओ केंद्राच्या जागेवर इन्फोएज संग्रहालय आहे; कॅलिफोर्नियातील बेलफ्लॉवर येथे लॉस एंजेलिस परगण्याचे अग्निशामक संग्रहालय आहे. वस्तू देताना तिच्याबरोबर माणसाची माहितीही द्यावी : हा संच कोणी, कोठे, कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी वापरला. माहितीशिवाय पेटी म्हणजे केवळ लोखंड.

आपल्या समाजातील अनेक मुली परिचारिका होऊन या देशात आल्या. रात्रीच्या पाळीत रेडिओवर ऐकलेले आणि सांगितलेले बहुतेकींनी कोठे लिहून ठेवलेले नाही. त्यांच्यापैकी ज्या आज आपल्यात आहेत त्यांना विचारावे, आणि त्यांचे बोल ध्वनिमुद्रित करावेत, जसे आज माझे होत आहेत. संच दुरुस्त करायला वर्षभर लागले तरी चालेल. या कामाला मात्र उशीर करू नये.

ज्यांच्या घरी असा एखादा संच असेल त्यांनी त्याची वायर भिंतीत न लावता प्रथम मला पाटीचे छायाचित्र दाखवावे. आपण दोघे मिळून त्याचे नाव वाचू.